घोड्यांच्या ट्रामचं मूळ गेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत ट्रामची मॉडेलं बनवणारे, जुने फोटो आणि पोस्टकार्डं जमवणारे बरेच आहेत. १८७४ ची मुंबईची ट्राम बनवायला घेतली की सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडतं: रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, किती धरायचं? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे मिळतात आणि प्रत्येक जण आपल्याच आकड्याची शपथ घेतो. इथली उत्तरं मुंबईपुरती नाहीत. घोड्यांच्या कुठल्याही जुन्या ट्रामचं मूळ गेज कसं तपासायचं, हे त्यांत आहे.

मुंबईच्या घोडा ट्रामचं गेज ४ फूट ८½ इंच होतं, एवढं सरळ उत्तर का देत नाही?

कारण तो आकडा विजेच्या ट्रामचा आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी, असे दोन मार्ग होते. विजेची ट्राम आली ती ७ मे १९०७ ला, आणि शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ ला. आज कोणाच्या आजोबांनी पाहिलेले, रस्ता खोदताना निघणारे, बहुतेक फोटोंत दिसणारे रूळ या दुसऱ्या काळातले. तिथलं ४ फूट ८½ इंच, म्हणजे १४३५ मिमी, उचलून ३३ वर्षं मागे नेणं हा अंदाज झाला. तो बरोबरही असेल, पण "नंतर होतं म्हणजे आधीही होतं" हा पुरावा नव्हे.

पण मधे गेज कोण कशाला बदलेल? केवढा खर्च!

कोलकात्याने बदललं. तिथे २४ फेब्रुवारी १८७३ ला सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि प्रवासी मिळेनात म्हणून त्याच वर्षी २० नोव्हेंबरला बंद पडली. १८८० मध्ये नव्या कंपनीने पुन्हा रूळ घातले, तेही मीटरगेज (१००० मिमी). मग १९०२ मध्ये वीज आली आणि जाळं १४३५ मिमीवर गेलं. आज कोलकात्याचं गेज विचारलं तर कोणीही स्टँडर्डगेज, म्हणजे हेच १४३५ मिमी, सांगेल. घोड्यांच्या काळासाठी ते उत्तर साफ चुकीचं ठरतं.

शिवाय खर्चाचा मुद्दा वाटतो तेवढा भक्कम नाही. दोन घोडे ओढतील त्या डब्याखालचा रूळ हलका असतो. मोटर बसवलेल्या डब्याचं वजन तो पेलत नाही, त्यामुळे वीज आली की रूळ तसेही उखडावे लागतात. रस्ता एकदा उघडलाच आहे म्हटल्यावर नवा रूळ चार इंच इकडे घातला काय आणि तिकडे घातला काय, मजुरी जवळपास तीच. गेज बदलायची सगळ्यात स्वस्त वेळ तीच असते. म्हणून विद्युतीकरणाचं वर्ष ओलांडून कुठलाही आकडा मागे न्यायचा नाही.

गेज नेमकं कुठून कुठे मोजतात?

दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, रुळाशी काटकोनात. आताच्या रेल्वेत ते रुळाच्या माथ्यापासून साधारण १४ मिमी खाली घेतात, कारण माथ्याच्या कडा गोलसर असतात आणि झिजतात.

ट्रामच्या रुळाला मात्र खाच असते. आधी चाक ज्यावर चालतं ते डोकं, मग चाकाची कड जिथे उतरते ती खाच, आणि खाचेच्या पलीकडे एक पातळ ओठ. रस्त्याशी सपाट असल्याने वरून पाहिलं तर डोकं आणि ओठ दोन्ही सारखेच दिसतात. टेप ओठापासून ओठापर्यंत लावला की दोन्हीकडच्या खाचा आणि ओठ वजा होतात. खाच सव्वा इंच आणि ओठ अर्धा इंच धरला, तर ओठांच्या आतल्या कडांमधलं माप साडेतीन इंचांनी, म्हणजे जवळपास ९० मिमीने कमी येईल. सर्वाधिक चुका इथेच होतात. मोजायचं ते डोक्याच्या खाचेकडच्या कडेपासून समोरच्या डोक्याच्या खाचेकडच्या कडेपर्यंत.

एकाच ट्रामचे तीन-तीन आकडे छापलेले असतात, ते कसे?

बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. रुळाचं डोकं दोन इंच रुंद असेल तर मध्य ते मध्य मोजल्यावर ४ फूट ८½ चे ४ फूट १०½ होतात. कारखान्याच्या नकाशात कधी चाकांच्या पाठीमधलं, म्हणजे आतल्या बाजूंमधलं, अंतर दिलेलं असतं. स्टँडर्डगेजच्या रेल्वेत ते सुमारे १३६० मिमी, म्हणजे गेजपेक्षा ७५ मिमी कमी. ते वाचून कोणी गेज म्हणून उतरवून घेतलं की नवं, कुठेच नसलेलं गेज जन्माला येतं!

दुसरं कारण पूर्णांकाचं. वर्तमानपत्राचा बातमीदार "पावणेपाच फूट" लिहून मोकळा होतो. उलट जुन्या कागदावर ४ फूट ८ दिसलं म्हणून अर्धा इंच राहून गेला असं समजू नका. १८२५ च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेचं गेज ४ फूट ८ इंचच होतं. चाकांना थोडी मोकळीक हवी म्हणून अर्ध्या इंचाची भर नंतर पडली.

तिसरं, दुहेरी मार्ग. रस्त्यावर चार रूळ दिसतात. फोटोच्या कडेला एक रूळ कापला गेला असेल तर लगतच्या दोन मार्गांमधल्या मोकळ्या जागेलाच लोक गेज समजतात. फोटोत ट्राम उभी असेल तर तिच्या चाकांखाली कोणते दोन रूळ आहेत, ते आधी पाहा.

४ फूट ७¾ इंच ही छपाईची चूक नाही का?

नाही. हे ग्लासगोचं गेज, १४१६ मिमी. तिथे रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) ट्रामच्या रुळांवरून गोदीकडे न्यायच्या होत्या. रेल्वेच्या चाकाची कड जास्त खोल असते. ट्रामच्या उथळ खाचेत ती तळाला टेकते आणि वाघीण चाकाच्या माथ्याऐवजी कडेवर चालते. दोन्ही चाकांच्या कडा खाचांत बिनघोर बसाव्यात म्हणून रूळ पाऊण इंच जवळ घेतले.

टोरंटोचं ४ फूट १०⅞ इंच (१४९५ मिमी) त्याहून विचित्र वाटतं. १८६१ च्या करारात अट होती की शहरातल्या साध्या घोडागाड्यांनाही त्या रुळांवरून चालता आलं पाहिजे. घोड्यांची ट्राम केव्हाच गेली, पण तो आकडा तिथल्या ट्राममध्ये आजही टिकून आहे. त्यामुळे विचित्र आकडा दिसला की तो "दुरुस्त" करून १४३५ करायचा मोह आवरा. अशा दुरुस्तीनेच पुरावा नष्ट होतो.

इंग्लंडच्या कायद्यातच स्टँडर्डगेज लिहिलं होतं म्हणे?

१८७० च्या ब्रिटिश ट्रामवे कायद्यात होतं, पण पळवाटेसकट. विशेष कायद्यात वेगळं गेज दिलं नसेल तरच ४ फूट ८½ इंचाच्या रेल्वेगाड्या चालतील असं गेज ठेवायचं, असं ते कलम. म्हणून त्या देशातही ग्लासगोसारखे अपवाद झाले. हिंदुस्थानला तो कायदा लागू नव्हता. मुंबईसाठी १८७४ चा स्वतंत्र ट्रामवे कायदा झाला आणि देशभरासाठीचा कायदा १८८६ मध्ये आला.

रस्त्याच्या कामात रूळ निघाला, तर काय टिपायचं?

२०१८ मध्ये हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या कामात ट्रामचे रूळ निघाले होते. असं पुन्हा होईल. हाताशी बहुधा अर्धा तासच असतो, कारण एकीकडे मुकादम घाई करत असतो आणि दुसरीकडे भंगारवाल्याची गाडी वाट पाहत असते. खड्ड्यात परवानगीशिवाय उतरू नका, शेजारीच विजेची केबल असते. जे हवं ते या क्रमाने:

१. दोन्ही रूळ जागेवर असतील तर सरळ भागात, दोन-दोन मीटर अंतरावर निदान तीन ठिकाणी गेज मोजा. वळणावर आणि सांध्यावर मोजू नका; वळणावर गेज मुद्दाम सैल ठेवलेलं असू शकतं. आकडा मिलिमीटरमध्येच लिहा, फूट-इंचांत रूपांतर घरी करा.

२. दोन रुळांना बांधणारी लोखंडी पट्टी (टाय बार) आहे का? असेल तर ती सरळ आहे की वाकलेली? पट्टी तुटलेली असेल तर रूळ सरकलेले असणार आणि वरचं माप फारसं कामाचं नाही. अशा वेळी पट्टीवरची भोकं मोजा, ती सरकत नाहीत.

३. रुळाच्या बाजूला उठावदार अक्षरं असतात: कारखाना, वर्ष, कधी वजन. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि उजेड तिरपा पाडून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं सपाट होऊन जातात.

४. रुळाच्या टोकाचा समोरून फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून.

५. सुटा तुकडा वजन करता आला तर उत्तम. एक फूट तुकडा १५ किलो भरला, तर ते ३३ पौंड, म्हणजे यार्डाला ९९ पौंड. एवढा जड रूळ कोणी घोड्यांसाठी घालत नाही.

६. सांध्याजवळ तांब्याची तार किंवा तिच्यासाठी पाडलेलं जादा भोक शोधा. विजेच्या ट्राममध्ये परतीचा प्रवाह रुळातून जातो, म्हणून सांध्यांवर तांब्याचे जोड लागतात. ते दिसले की चर्चा संपली: रूळ विजेच्या काळातला.

गंजसुद्धा बोलतो. जुनं घडीव लोखंड गंजताना लाकडासारखे पापुद्रे सुटतात. पोलादाला खड्डे पडतात.

रूळ नाहीत, फक्त खालचं लाकूड किंवा दगड उरलेत. त्यावरून गेज निघतं का?

निघतं, पण थेट नाही. घोड्यांच्या अनेक ट्राममध्ये रुळांखाली आडवे स्लीपर नसत. रुळाच्याच दिशेने लांब वासे टाकून त्यावर खाचेचा पातळ रूळ खिळ्यांनी ठोकत. खिळा बहुधा खाचेतून जाई. म्हणजे खिळ्यांच्या भोकांमधलं अंतर गेजपेक्षा कमी येणार, दोन्हीकडे खाचेच्या निम्म्या रुंदीने. पावसात वासे फुगले-कुजले की खिळे सैल होत, रूळ बाहेर सरके आणि गेज वाढे. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशा बांधणीचं काय होत असेल, ते सांगायला नको.

त्याहून जुन्या, मालवाहू मार्गांवर दगडी ठोकळे असत. लंडनजवळची सरे आयर्न रेल्वे (१८०३, वाँड्सवर्थ ते क्रॉयडन) तशीच. घोडा दोन रुळांच्या मधून चाले, म्हणून त्याच्या पायांत आडवी लाकडं नकोत. त्याऐवजी प्रत्येक सांध्याखाली सुटा दगड. रूळ इंग्रजी एल आकाराच्या बिडाच्या पट्ट्यांचे. चाक साधं, कड रुळाला. इथे गेज ४ फूट २ इंच सांगितलं जातं, पण अशा मार्गाचं माप घेताना कडेच्या आतून, बाहेरून की दगडातल्या भोकांच्या मध्यापासून, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पट्टी चार इंच रुंद आणि भोक तिच्या मधोमध असेल, तर नुसत्या भोकांवरून काढलेलं गेज चार इंचांनी फुगतं. शिवाय दगड दोनशे वर्षांत हलले नसतील याची हमी कोण देणार?

जुन्या फोटोवरून गेज काढता येतं का?

मीटरगेज की स्टँडर्डगेज एवढं ठरवता येतं. १४१६ की १४३५, हे नाही.

फोटो ट्रामच्या समोरून किंवा मागून, मधोमध घेतलेला हवा. मोजायची गोष्ट आणि मापाची गोष्ट एकाच प्रतलात हवी. शेजारी उभा शिपाई किंवा पुढचा घोडा मापाला धरू नका, ते कॅमेऱ्याच्या जवळ किंवा लांब असतात. त्याच आसावरच्या चाकाची उंची धरा. समजा चाक ३० इंची (७६२ मिमी) असल्याचं दुसरीकडून ठाऊक आहे. स्क्रीनवर चाक ३८ पिक्सेल उंच आणि रुळांमधलं अंतर ७१ पिक्सेल आलं, तर ७१ भागिले ३८ गुणिले ७६२, म्हणजे साधारण १४२४ मिमी. आता चाक ३७ पिक्सेल धरा: १४६२. ३९ धरा: १३८७. एका पिक्सेलने एवढा फरक पडतो. मीटरगेज असतं तर अंतर ५० पिक्सेलच्या आसपास आलं असतं, म्हणून तेवढा निकाल खात्रीने देता येतो.

त्याआधी फोटोचं गुणोत्तर बिघडलेलं नाही ना ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले फोटो पुष्कळदा आडवे ताणलेले असतात. गोल असायला हवं ते चाक बाजूच्या फोटोत अंडाकृती दिसलं की समजा. हाताने रंगवलेली पोस्टकार्डं तर या कामाला बादच: रंगाऱ्याने रूळ आपल्या मनाने ओढलेले असतात.

याचा सराव कशावर करायचा?

ठाण्यात राहून याची काय कमतरता? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी जिथे आली, तिथे आजही ५ फूट ६ इंचाचं ब्रॉडगेज आहे, १६७६ मिमी. रूळ उघडे दिसतात अशा पुलावरून मार्गाच्या बरोबर मधोमध उभं राहून फोटो घ्या. ब्रॉडगेजचा सिमेंटचा स्लीपर २७५० मिमी लांब असतो. एकाच स्लीपरवर त्याची लांबी आणि रुळांमधलं अंतर मोजा, गुणोत्तर ०.६१ यायला हवं. ०.६४ किंवा ०.५८ आलं तर तुमची कड ओळखण्याची पद्धत चुकते आहे. बहुतेक जण आतल्या कडेऐवजी चकाकणाऱ्या पट्ट्याचा मध्य धरतात. फलाटाजवळ काही ठिकाणी स्लीपर काँक्रीटमध्ये बुजलेले असतात, तिथे हे जमत नाही. रुळांवर उतरू नका, तो गुन्हा आहे.

नजर तयार व्हायला तीन गेज जवळच आहेत: ठाण्याचं १६७६, बेलापूर-पेंधर मेट्रोचं १४३५ आणि नेरळहून माथेरानला जाणाऱ्या गाडीचं ६१०.

कागद कुठे शोधायचे?

आधी कायदा आणि करार, मग बांधकामाचे अहवाल, मग वर्तमानपत्रं, आणि सगळ्यात शेवटी स्मरणिका-गौरवग्रंथ. क्रम उलटा केला की पन्नास वर्षांनंतर लिहिलेल्या वाक्याची री ओढली जाते. एकच वाक्य दहा ठिकाणी सापडलं तर ते दहा पुरावे नव्हेत, एकच आहे.

फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, ही दोन मुख्य ठिकाणं. अणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय विजेच्या काळासाठी जास्त उपयोगी. मराठी बाजूसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) घराजवळच आहे. तिथे गेज क्वचित मिळेल, पण रस्त्यांची जुनी नावं आणि मार्ग नक्की लागतील.

मंजूर आराखडा आणि घातलेला रूळ या दोन गोष्टी आहेत. मुंबईत १८६५ मध्येही ट्रामचा परवाना दिला गेला होता. आर्थिक मंदीत ती योजना बारगळली. त्या वेळच्या कागदावर सापडलेला कुठलाही आकडा १८७४ च्या रुळांना लावता येत नाही.

नाशिकच्या ट्रामचं काय?

तिथे वाद नाही. जुन्या शहरापासून नाशिकरोड स्टेशनपर्यंतची, घोड्यांनी ओढायची ती ट्राम २ फूट ६ इंचाची (७६२ मिमी). पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचा सल्लागार होता आणि बार्शीचंही गेज तेच.

मुंबईची ट्राम ठाण्यापर्यंत येत होती का?

नाही.

वाद मिटेपर्यंत मॉडेल कोणत्या गेजवर बनवू?

डबा आधी बनवा, चाकं शेवटी. डब्याची रुंदी फोटोवरून स्वतंत्र काढता येते, ती गेजवर अवलंबून नाही. आस असा ठेवा की चाकं दाबून बसवलेली असतील आणि मधे पितळी नळीचा तुकडा असेल. गेज बदललं की फक्त नळी बदलायची. चाकांच्या आतला तळ दोन्ही गेजना पुरेल एवढा मोकळा कापून ठेवा, नाहीतर नंतर फरशी कापावी लागते आणि बाकं निखळतात.

१:८७ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये स्टँडर्डगेज १६.५ मिमी, आणि मीटरगेजला बाजारातला १२ मिमीचा रूळ चालतो (काटेकोर हिशेबाने ११.५). नाशिकसाठी ९ मिमी. १:७६ वाल्यांनी सावध राहावं: त्यांचा १६.५ मिमीचा रूळ प्रत्यक्षात सुमारे ४ फूट १½ इंच होतो. म्हणजे मुंबईच्या विजेच्या ट्रामला तो अरुंद, पण सरे आयर्न रेल्वेला जवळपास चपखल. हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवूनही जुळला नसता.

प्रदर्शनाच्या पाटीवर गेज कसं लिहू?

चार गोष्टी, एकाच ओळीत: आकडा, कोणत्या कडांमधला, कोणत्या वर्षाचा, कशावरून. उदाहरणार्थ, "१४३५ मिमी, डोक्यांच्या आतल्या कडा, विजेचा काळ, १९०७ नंतर, जागेवर मोजलेलं." फोटोवरून काढलं असेल तर "सुमारे १४२०, अधिक-उणे ४०" असं लिहा. १४२३.७ लिहू नका. कॅल्क्युलेटरवर दिसतो म्हणून दशांश खरा होत नाही. जुन्या कागदावर फूट-इंच असतील तर ते तसेच आधी लिहा आणि मिलिमीटर नंतर, कारण रूपांतरात चूक झाली तर मूळ आकडा तरी पाटीवर शिल्लक राहतो.